पृथ्वीला गंज चढला तेव्हा

आर्कियन काळात चिकणमाती होती का? 2006 सालच्या डिसेंबरात, नाताळच्या एका मेजवानीत, जीवभौतिकीचे अभ्यासक हॅरॉल्ड मॉरोविट्झ यांनी हा प्रश्न रॉबर्ट हेझन यांना विचारला. हेझन वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी संस्थेत खनिजांवर संशोधन करत होते. मॉरोविट्झ यांचे सारे लक्ष जीवसृष्टीच्या उगमाकडे होते. चिकणमातीच्या कणांवर पहिले सेंद्रिय रेणू एकत्र जुळले असावेत, असा एक जुना तर्क आहे. पण त्यासाठी आधी चिकणमाती तर हवी! आर्कियन काळ म्हणजे चार ते अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा काळ. त्या वेळच्या पृथ्वीवर ती होती की नव्हती, हे हेझन यांना सांगता येईना. हा प्रश्न तोवर त्यांच्या शास्त्रात कुणी नीट विचारलाच नव्हता.

याला कारण आहे. खनिजशास्त्राने खनिजाकडे नेहमी काळाबाहेरची वस्तू म्हणून पाहिले. विशिष्ट रासायनिक संघटन आणि अणूंची विशिष्ट स्फटिकरचना असलेला नैसर्गिक घन पदार्थ म्हणजे खनिज. क्वार्ट्झ तीन अब्ज वर्षांपूर्वी तयार झाला काय आणि गेल्या वर्षी झाला काय, त्याचे सूत्र तेच आणि काठिण्यही तेच. रंग, चकाकी, काठिण्य, स्फटिकाचा आकार पाहायचा आणि नमुन्याला नाव द्यायचे, ही पद्धत शंभर-दीडशे वर्षे उत्तम चालली. त्यात 'कधी' या प्रश्नाला जागा नव्हती. मॉरोविट्झ यांच्या प्रश्नाने हेझन यांची झोप उडाली असावी, कारण दोनच वर्षांत, 2008 साली, त्यांनी सात सहकाऱ्यांसह 'अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट' या नियतकालिकात एक मोठा लेख प्रसिद्ध केला आणि खनिजांनाही इतिहास आहे, ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आहेत, असे मांडले. या कल्पनेला त्यांनी खनिज-उत्क्रांती म्हटले. खनिजांना जनुके नसतात, पिले होत नाहीत, नैसर्गिक निवड त्यांना लागू पडत नाही; तेव्हा डार्विनच्या अर्थाने ही उत्क्रांती नव्हे. पण एक अवस्था आल्याशिवाय दुसरी येत नाही, आणि प्रत्येक अवस्थेत पूर्वी कधीच नव्हते असे काही जन्माला येते, एवढे साम्य मात्र पक्के आहे.

या इतिहासाची सुरुवात पृथ्वीच्याही आधीची आहे. आयुष्याच्या अखेरीला आलेल्या ताऱ्यांमधून बाहेर फेकला गेलेला वायू निवत गेला आणि त्यात पहिले स्फटिक जमले. विश्वातले पहिले खनिज बहुधा हिरा असावा, कारण कार्बन अतिशय उष्ण तापमानालाही घनरूप धरतो. त्याच्याबरोबर ग्रॅफाइट, सिलिकॉन कार्बाइड, कोरंडम अशी मोजून डझनभर खनिजे होती. 1969 साली ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावी पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे असे कण सापडले. त्यातले काही पाच ते सात अब्ज वर्षांपूर्वीचे निघाले, म्हणजे आपल्या सूर्याहूनही जुने. पुढे सूर्याभोवतीच्या धुळीतून खनिजांची संख्या साठाच्या आसपास गेली. छोटे ग्रह वितळले, त्यांच्यात लोखंड तळाला आणि हलके खडक वर अशी वाटणी झाली. तेव्हा ती अडीचशेपर्यंत पोचली. पृथ्वी तयार झाली तेव्हा तिच्या पदरात एवढीच शिदोरी होती. आज आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या यादीत सहा हजारांहून अधिक खनिजे आहेत. ही बाकीची आली कुठून, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पहिली मोठी भर पाण्याने घातली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे बारीक कण सापडतात. त्यातला सर्वांत जुना 4.4 अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान आहे. एवढ्याशा कणातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कळते की, तो ज्या खडकातून आला त्याचा त्याआधीच पाण्याशी संबंध आला होता. पाण्याने ज्वालामुखीच्या खडकांना कुजवायला सुरुवात केली. कुजणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण आपल्याकडच्या विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडी तोच असतो: वरचा दगड कुजलेला, खालचा टणक. त्या कुजण्यातून चिकणमातीची पहिली खनिजे निर्माण झाली. तेव्हा मॉरोविट्झ यांच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर, होती. पण आजच्यासारखी आणि आजच्याइतकी नव्हती. त्याकडे पुढे येऊ.

समुद्रतळाखाली आणखी एक गोष्ट चालू होती, आणि ती मला या सगळ्या कथेतली फार महत्त्वाची वाटते. ऑलिव्हिन नावाचे हिरवट खनिज पृथ्वीच्या प्रावरणात विपुल आहे. त्यात लोखंड असते. गरम पाणी त्याला लागले की ऑलिव्हिनचे सर्पेंटाइन होते, सोबत मॅग्नेटाइट तयार होते आणि पाण्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन हे अन्न आहे. आजही काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर जगतात, त्यांना सूर्य लागत नाही. 2000 साली अटलांटिक महासागराच्या तळावर अशा पाण्याची एक वसाहतच सापडली. तिला 'लॉस्ट सिटी' म्हणतात. तिथे कार्बोनेट खनिजांचे पांढरे मनोरे उभे आहेत, सर्वांत उंच साठ मीटरचा, आणि त्यांच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्मजीव भरलेले आहेत. जीवनाची सुरुवात अशाच ठिकाणी झाली असावी, असे मानणाऱ्या संशोधकांची संख्या मोठी आहे.

त्यांच्या बाजूने एक पुरावा तर आपल्या शरीरातच आहे. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या साखळीत जी प्रथिने काम करतात, त्यांतल्या अनेकांच्या गाभ्याशी लोखंड आणि गंधक यांच्या अणूंचे छोटे पुंजके असतात. ही रचना समुद्रतळावरच्या ग्रेगाइट, मॅकिनावाइट या लोह-गंधकाच्या खनिजांतल्या रचनेशी फार मिळतीजुळती आहे. 1988 पासून जर्मन रसायनतज्ज्ञ ग्युंटर वेख्टरशॉयझर यांनी मांडलेला सिद्धान्त याच दिशेचा होता: जीवनाची पहिली रसायने लोह-गंधकाच्या पृष्ठभागावर घडली. दुसरी बाजू चिकणमातीची. जे. डी. बर्नाल यांनी 1951 सालीच तिचा पुरस्कार केला होता. पुढे अमेरिकेत जेम्स फेरिस यांनी माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजावर आरएनएचे सुटे घटक सोडले, तर ते एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या साखळ्या झाल्या. माँटमोरिलोनाइट हे नाव अवघड वाटले तरी वस्तू घरची आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जी कपाशीची जमीन आहे, तिची ती फूग आणि भेग याच कुळातल्या खनिजांमुळे असते. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, तसेच सेंद्रिय रेणूही शिरतात आणि चिकटून राहतात.

दोन्ही मतांपैकी कोणते खरे ठरेल ते ठरो. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. खनिजांच्या पृष्ठभागाशिवाय जीवन सुरू झालेच नसते. पण हे ऋण एकतर्फी राहिले नाही. जीवांनी ते फेडायला घेतले आणि ते इतके फेडले की पृथ्वीचा रंगच बदलून गेला.

हा बदल पाहायचा तर गोव्यात डिचोली, साखळी, सांगे या भागांतल्या खाणींमधला एखादा पट्टेरी दगड हातात घ्यावा. खाणवाले त्याला 'बीएचक्यू' म्हणतात, म्हणजे बँडेड हेमटाइट क्वार्टझाइट. काही मिलिमीटर जाडीचा तांबूस किंवा पोलादी करडा लोखंडाचा थर, त्यावर पांढुरका गारेचा थर, पुन्हा लोखंड, पुन्हा गार. दगड हातावर तोलला की त्याचे वजन जाणवते, आणि खरखरीत चिनी मातीवर घासला तर तपकिरी-लाल रेघ उमटते. या खडकांचे वय अडीच अब्ज वर्षांहूनही जास्त आहे. तो एके काळचा समुद्रतळ आहे. पुढच्या काळात पावसाच्या आणि भूगर्भातल्या पाण्याने त्यातली गार झिजवून नेली, तिथे लोखंड उरले. त्यातलाच जो निळसर काळा भुगा असतो त्याला खाणीत 'ब्लू डस्ट' म्हणतात. बार्जेसमध्ये भरून मांडवी-झुवारीच्या पात्रांतून मुरगावला गेलेले आणि तिथून जपानला गेलेले लोखंड ते हेच. सिंधुदुर्गातले रेडी, गडचिरोलीतले सुरजागड, छत्तीसगडमधले बैलाडिला इथले लोहखनिजही अशाच पट्टेरी खडकांशी बांधलेले आहे. जगात आज वापरल्या जाणाऱ्या लोखंडाचा बहुतेक साठा याच जातीच्या खडकांतून येतो.

आता प्रश्न असा की, एवढे लोखंड समुद्रात आले कुठून आणि ते तळाला का बसले? कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या बोअरवेलला लोखंडाचे पाणी आहे त्यांना याचे उत्तर घरबसल्या दिसते. बोअरचे पाणी बादलीत पडते तेव्हा स्वच्छ असते. तासा-दोन तासांनी त्याला पिवळट रंग येतो आणि सकाळी बादलीच्या तळाशी तांबडा गाळ बसलेला असतो. जमिनीखाली ऑक्सिजन नव्हता तेव्हा लोखंड पाण्यात सुखाने विरघळलेले होते. हवेतला ऑक्सिजन लागताच ते गंजले आणि पाण्याने त्याला सोडून दिले. आर्कियन समुद्र म्हणजे अशीच न गंजलेली, लोखंडाने भरलेली अफाट बादली होती. समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांमधून लोखंड येत होते आणि हवेत ऑक्सिजन नसल्यामुळे पाण्यातच राहत होते.

मग सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू आले. त्यांपैकी काही लोखंडातूनच इलेक्ट्रॉन काढून घेत आणि ते गंजलेले लोखंड मागे सोडत. काहींनी, म्हणजे सायनोबॅक्टेरियांनी, पाण्याचा रेणू फोडायला शिकून घेतले आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर टाकायला सुरुवात केली. तो त्यांच्या दृष्टीने कचरा होता. समुद्राच्या वरच्या थरात तो लोखंडाला लागला आणि गंजाचा पाऊस तळावर पडू लागला. गारेचे थर मध्येमध्ये का पडले यावर अजून वाद आहेत. ऋतुमानाचा बदल, झऱ्यांचे कमीजास्त होणे, जीवाणूंची चढउतार अशी अनेक कारणे सांगितली जातात. पण तांबड्या पट्ट्यांमागे सूक्ष्मजीवांचा हात आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. सुरजागडच्या डोंगरातून पोलादाच्या भट्टीकडे जाणारा प्रत्येक ट्रक त्या जीवाणूंच्या कामाची कमाई वाहतो, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

हवेत तरीही ऑक्सिजन साठेना. लोखंड तो गिळत होते, ज्वालामुखीचे वायू गिळत होते. अखेर सुमारे 2.4 ते 2.3 अब्ज वर्षांपूर्वी पारडे फिरले. हे कळले कसे, त्याचा एक पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींमध्ये आहे. तिथले सोने अतिप्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरात आहे, आणि त्याच थरात पायराइट आणि युरेनिनाइट या खनिजांचे गोल गुळगुळीत झालेले कण आहेत. नदीतून वाहत, घासत आल्याशिवाय कण असे गोल होत नाहीत. पण आजच्या नदीत पायराइट टाकला तर तो फार टिकत नाही, गंजून त्याची माती होते; युरेनिनाइटही विरघळतो. त्या नद्यांवरच्या हवेत ऑक्सिजन नव्हताच, म्हणून ते कण वाचले. यानंतरच्या काळातल्या नद्यांच्या थरांतून असे कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी लाल वालुकाश्म येऊ लागतात. 2000 साली जेम्स फार्कर यांनी प्राचीन खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांमध्ये एक विचित्र खूण दाखवली. ती ऑक्सिजन नसलेल्या हवेतच उमटू शकते, आणि तीही याच सुमारास पुसली जाते. दोन वेगळ्या वाटा एकाच तारखेवर येऊन मिळाल्या.

ऑक्सिजन आला आणि खनिजांची दुनिया फुलली. तांबे, निकेल, मँगनीज, युरेनियम, व्हॅनेडियम असे धातू पूर्वी मोजक्याच रूपांत अडकून होते. ऑक्सिजनने त्यांना नव्या अवस्था दिल्या, त्या अवस्थांना पाण्यात फिरायची मुभा मिळाली, आणि पाणी त्यांना जिथे घेऊन गेले तिथे नवी खनिजे झाली. तांब्याच्या खाणीच्या तोंडाशी दिसणारे हिरवे मॅलाकाइट आणि निळे ॲझुराइट ही ऑक्सिजनवाल्या हवेचीच लेकरे आहेत. चंद्रावर तांबे आहे, पण तिथे मॅलाकाइटची हिरवाई नाही.

युरेनियमच्या बाबतीत तर असे काही घडले की ते कुणी कल्पनेने लिहिले असते तर विश्वास बसला नसता. 1972 साली फ्रान्समधल्या पिएरलाट इथल्या युरेनियम प्रकल्पात आफ्रिकेतल्या गॅबन देशातून आलेल्या खनिजाची तपासणी चालू होती. युरेनियम-235 चे प्रमाण जगभर, चंद्रावरही, 0.720 टक्के असते. इथे ते 0.717 टक्के निघाले. फरक अगदी थोडा, पण अण्वस्त्रांच्या काळात युरेनियमचा एवढासा हिशेब चुकणेही गंभीर होते. शोध घेतल्यावर कळले की, ओक्लो इथल्या खाणीत सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुभट्ट्या चालू होत्या. भूजल आत झिरपले की साखळी प्रक्रिया सुरू व्हायची, उष्णतेने पाणी उकळून गेले की थांबायची. झेनॉन वायूच्या अभ्यासावरून काढलेला हिशेब सांगतो की, अर्धा तास चालू आणि अडीच तास बंद असे ते चक्र होते. आणि हे शक्य झाले ते जीवांमुळे. ऑक्सिजन नव्हता तोवर युरेनियम पाण्यात विरघळतच नव्हते. ऑक्सिजन आल्यावर ते नद्यांमधून वाहिले, आणि जिथे सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थाने पाण्यातला ऑक्सिजन संपवला होता तिथे पुन्हा घट्ट होऊन साठले. त्या काळी युरेनियम-235 चे प्रमाण तीन टक्क्यांवर होते, म्हणून भट्टी पेटली. तिथे विरघळवणारा हात जीवाणूंचा आणि साठवणाराही जीवांचाच.

धातूंची ही सुटका जीवांच्याही पथ्यावर पडली. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचे खत करणाऱ्या जीवाणूंच्या विकरात मॉलिब्डेनम लागते. ऑक्सिजन नव्हता तेव्हा हा धातू जमिनीवरच्या खडकांमध्ये गंधकाला चिकटून पडलेला होता. ऑक्सिजनने त्याला सोडवले, नद्यांनी समुद्रात नेले आणि जीवाणूंना तो मुबलक मिळू लागला. आपल्या हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठींमध्ये आजही तेच विकर, तोच धातू वापरून काम करते आहे.

यानंतरच्या जवळजवळ एक अब्ज वर्षांत फारसे काही घडले नाही. भूशास्त्रज्ञ त्या काळाला कंटाळवाणे अब्ज म्हणतात. त्यानंतर 72 ते 63.5 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी दोनदा जवळजवळ ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत बर्फाने झाकली गेली, आणि बर्फ ओसरल्यावर ऑक्सिजन पुन्हा वाढू लागला.

सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी प्राण्यांनी एक नवे कसब आत्मसात केले. तोवर जीव खनिजे करत होते ती आपोआप, कचऱ्यातून. आता ते ठरवून, शरीराच्या आत, हव्या त्या आकारात खनिजे घडवू लागले. कॅल्साइट आणि अॅरागोनाइट यांची कवचे आली, ॲपेटाइटची हाडे आणि दात आले, पुढे काही सूक्ष्म शैवालांनी आपली डबी गारेच्या काचेची केली. तिसऱ्याचा शिंपला हा अॅरागोनाइटचा आहे. कोकणात आणि गोव्यात असेच शिंपले भट्टीत भाजून चुना काढत, आणि त्या चुन्यात जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या भिंती बांधत. आपले दातांचे एनॅमल वजनाने पंचाण्णव टक्क्यांहून अधिक ॲपेटाइट आहे. याहून थक्क करणारी गोष्ट कायटनची. खडकाळ किनाऱ्यावर दगडाला घट्ट चिकटून बसणारा, आठ पट्ट्यांची पाठ असलेला हा मऊ प्राणी कोकणाच्या कातळावरही दिसतो. तो खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. 1962 साली हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी दाखवून दिले की त्याचे दात मॅग्नेटाइटचे आहेत. म्हणजे ज्या खनिजासाठी भूगर्भात शेकडो अंश तापमान लागते असे मानले जाई, ते हा प्राणी समुद्राच्या पाण्याच्या तापमानाला तोंडात तयार करतो. 1975 मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी त्याच खनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांची माळ पोटात बाळगणारे जीवाणू वर्णन केले. त्या माळेच्या आधाराने ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात दिशा धरतात.

वनस्पतींनी हे काम जमिनीवर नेले. अळूच्या पानाला खाज असते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. हेच खनिज, व्हेवेलाइट, माणसाच्या मूत्रपिंडातही खडा होऊन बसते. गोठ्याच्या जुन्या भिंतीवर पांढरा लोणा फुलतो, त्यात बऱ्याचदा शोऱ्याचा अंश असतो. गुरांच्या मूत्रातल्या नायट्रोजनचे शोऱ्यात रूपांतर जीवाणू करतात. ही प्रक्रिया जिवंत आहे हे श्लोएझिंग आणि म्युंट्झ यांनी 1877 साली सिद्ध केले. त्याच्या कितीतरी आधीपासून बिहारातले नोनिया लोक गावाभोवतालची अशी माती खरवडून, धुऊन, उकळून शोरा काढत होते. युरोपातल्या तोफांची दारू अठराव्या शतकात मोठ्या प्रमाणात त्या शोऱ्यावर अवलंबून होती.

पण वनस्पतींचे सर्वांत मोठे काम मातीचे. मुळे दगडाच्या फटींत शिरतात, आम्ल सोडतात, बुरशी त्यांच्या जोडीला असते. दगड कुजण्याचा वेग त्यांनी वाढवला. इथे मॉरोविट्झ यांचा प्रश्न पुन्हा येतो. 2006 सालीच मार्टिन केनेडी आणि सहकाऱ्यांनी असे मांडले होते की, बहुपेशीय प्राणी येण्याच्या थोडे आधी जमिनीवर सूक्ष्मजीवांचे आवरण पसरले, चिकणमातीचे उत्पादन झपाट्याने वाढले, तिने सेंद्रिय कार्बन समुद्रतळाशी गाडला आणि म्हणून हवेत ऑक्सिजन शिल्लक राहिला. हे बरोबर असेल तर चिकणमातीने आधी जीवांना आधार दिला आणि नंतर जीवांनी वाढवलेल्या चिकणमातीने प्राण्यांना श्वास दिला.

महाराष्ट्रात हे कुजणे दोन रंगांत दिसते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला बेसॉल्ट घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यातले लोखंड बहुतांशी न गंजलेल्या अवस्थेत आहे, म्हणून तो काळा. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पठारावर तो कुजून काळी माती होते; सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच राहतात आणि माँटमोरिलोनाइटच्या कुळातली चिकणमाती बनते. पश्चिमेकडे, कोकणातल्या मुसळधार पावसात आणि झाडीत, सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम सारे धुऊन निघाले. उरले लोखंड आणि ॲल्युमिनियम, तेही पूर्ण गंजलेले: गोथाइट, हेमटाइट, गिब्साइट, केओलिनाइट. हाच जांभा. चिरेखाणीत ताजा काढलेला चिरा मऊ असतो म्हणून तो सहज कापता येतो, आणि उघड्यावर सुकला की कडक होतो, कारण त्यातली लोखंडाची खनिजे पाणी सोडून घट्ट होतात. एकाच दगडाची दोन मुले एवढी वेगळी निघाली ती पावसामुळे, पण दोघांच्याही अंगात जीवांनी भरलेला ऑक्सिजन आणि मुळांनी सोडलेली आम्ले आहेत. सायनोबॅक्टेरिया आले नसते तर रत्नागिरीचे सडे तांबडे झाले नसते.

या साऱ्यात जीवांचा वाटा किती? 2008 सालच्या लेखात हेझन यांनी तो दोन तृतीयांशांपर्यंत धरला होता. पुढे ते आणि त्यांच्या सहकारी शॉना मॉरिसन एकेका खनिजाच्या निर्मितीच्या सगळ्या वाटा नोंदत बसले. एकटा पायराइट एकवीस प्रकारे तयार होतो, असे त्यात निघाले. 2022 मध्ये साडेपाच हजारांहून अधिक खनिजांचा हिशेब मांडल्यावर आकडे थोडे खाली आले: सुमारे निम्म्या खनिजांच्या निर्मितीत जीवांचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात आहे, आणि एक तृतीयांश खनिजे तर फक्त जीवांमुळेच होतात. पाण्याचा हात ऐंशी टक्क्यांहून अधिक खनिजांत आहे. जीवन येण्याआधीच्या पृथ्वीवरही पूर्वी वाटले होते त्याहून पुष्कळ अधिक खनिजे असावीत, हेही त्यांनी मान्य केले. मला ही दुरुस्ती सिद्धान्ताचे बळ वाढवणारी वाटते. एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ एकोणीसशे खनिजे. निर्जीव ग्रहावर त्यांतले एकही सापडू नये.

माणसानेही यात भर घातली आहे. 2017 साली केलेल्या मोजणीत मुख्यतः किंवा केवळ मानवी कामांमुळे बनलेली 208 खनिजे निघाली. ती खाणींच्या भिंतींवर, पेटलेल्या कोळशाच्या ढिगांत, भट्टीच्या मळीत वाढली. अथेन्सजवळ लॉरिअन इथे प्राचीन ग्रीकांनी चांदी गाळून उरलेली मळी समुद्रात टाकली; खाऱ्या पाण्याने तिच्या पोकळ्यांत शतकानुशतके नवे स्फटिक जमवले. कॅल्क्लॅसाइट नावाचे एक खनिज तर संग्रहालयांच्या ओक लाकडाच्या कपाटांत ठेवलेल्या नमुन्यांवर, लाकडातून सुटणाऱ्या आम्लामुळे उगवले.

निर्जीव ग्रहावर कोणती खनिजे सापडू नयेत, या प्रश्नामुळे खनिजांची ही कथा आता पृथ्वीबाहेर गेली आहे. मंगळावरच्या जेझेरो विवरात 2021 पासून फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या यानाने जुलै 2024 मध्ये एका प्राचीन नदीच्या काठी, चिकणमातीच्या दगडावर काळ्या कडेचे फिकट ठिपके पाहिले. संशोधकांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटले आणि दगडाला चेयावा फॉल्स असे नाव दिले. त्यात सेंद्रिय पदार्थ आहे, आणि ठिपक्यांत लोखंड आणि फॉस्फेट यांचे व्हिव्हिअनाइट, तसेच लोखंड आणि गंधक यांचे ग्रेगाइट असावे असे मोजमापांतून दिसते. पृथ्वीवर व्हिव्हिअनाइट चिखलात आणि सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थाभोवती होते, ग्रेगाइट काही सूक्ष्मजीव करतात. सप्टेंबर 2025 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात जोएल हरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी या खुणांना जीवनाच्या संभाव्य खुणा म्हटले, आणि जीवांशिवायही त्या कशा होऊ शकतील ते तपशीलवार मांडले. उष्णता हा एक मार्ग, पण हा दगड फारसा तापल्याची चिन्हे नाहीत. त्या दगडाचा कापून घेतलेला तुकडा 'सॅफायर कॅन्यन' या नावाने एका नळीत सीलबंद आहे. त्यातल्या लोखंडाच्या आणि गंधकाच्या समस्थानिकांची मोजणी यानावरच्या उपकरणांना जमणारी नाही. ती पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत करावी लागेल, आणि त्यासाठी ती नळी आधी इथे आणावी लागेल.